लाद्या कोणाच्या?



नवे घर घेणे ही आपल्याकडे साधी गोष्ट राहिलेली नाही. वसईच्या वाड्यांतल्या कौलारू घरांत वाढलेली मुले आज लग्नानंतर इमारतीत फ्लॅट पाहतात. आईवडील पतपेढीतली ठेव मोडतात, आई दागिना काढून देते, जहाजावर किंवा आखातात असलेला भाऊ हातभार लावतो आणि कुठेतरी चौथ्या मजल्यावर, अजून भिंतीही उभ्या न राहिलेल्या जागेत, एक कुटुंब स्वतःचे घर पाहू लागते. देवाच्या कृपेने बहुतेकांचे व्यवहार पार पडतात आणि आम्हां धर्मगुरूंना घराच्या आशीर्वादासाठी आनंदाने बोलावले जाते. पण काहींचे व्यवहार मध्येच मोडतात. व्यवहार मोडल्यावर जे पैशाचे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी एका प्रश्नाचा आज आपण विचार करू या. प्रश्न लहान वाटतो, परंतु न्याय म्हणजे काय, या मोठ्या प्रश्नापर्यंत तो आपल्याला घेऊन जातो.

आपण एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकाचे नाही. अशा अनेक प्रसंगांतून आम्ही ते जुळवले आहे. एका कुटुंबाने ४८ लाख रुपयांचा फ्लॅट बुक केला आणि ४ लाख रुपये भरले. इमारतीचे काम चालू होते. माहितीपत्रकात साधी लादी, साधा ओटा आणि ठरावीक इलेक्ट्रिक पॉइंट होते. साइटवरच्या माणसाने सांगितले, "काही बदल करायचा असेल तर आताच सांगा, नंतर फोडाफोड करावी लागेल." त्याचे म्हणणे खरेच होते. मग घरात रोज रात्री चर्चा सुरू झाली. मोठ्या लाद्या, ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, दोन्ही खोल्यांत एसीचे पॉइंट, खिडक्यांना ग्रिल, मुलीच्या हट्टासाठी न्हाणीघरात जांभळ्या टाइल्स. या जादा कामाचे ३ लाख रुपये झाले. बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. हे जादा काम त्यात बसत नाही. म्हणून हे ३ लाख घरातून, सोन्यातून आणि उसनवारीतून उभे राहिले. काम झाले. आणि मग वडिलांची नोकरी गेली. बँकेने कर्ज नाकारले. व्यवहार मोडला.

बुकिंगच्या पैशातून काही रक्कम कापून बिल्डरने बाकीची परत केली. परंतु ३ लाखांबद्दल त्याचे उत्तर ठाम होते: "ते काम तुमच्या सांगण्यावरून केले. पैसे लाद्यांत गेले. लाद्या भिंतीतून काढून तुम्हाला देऊ का?" चार महिन्यांनी तोच फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाने घेतला. त्यांना फ्लॅट दाखवताना सगळ्यांत आधी दाखवली ती ग्रॅनाइटच्या ओट्याची आणि मोठ्या लाद्यांची शोभा. त्या शोभेसाठी त्यांनी जास्त पैसेही मोजले.

आता सांगा, त्या लाद्या कोणाच्या?

जुने घर आणि नवे घर

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आपले आजोबा घर बांधायचे तेव्हा लाकूड वर्षभर आधी आणून अंगणात रचून ठेवीत. कौले, चिरे, चुना, सगळे आपल्याच जागेत येऊन पडे. पैसे संपले, पाऊस आला, घरात कोणी आजारी पडले, तर काम थांबे. गवंडी घरी जाई, सुतार घरी जाई; लाकूड मात्र आपल्याच अंगणात राही. थांबलेले घर पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होई.

आज तसे नाही. आज आपण आपला पैसा, आपली आवड आणि आपल्या मुलांची हौस अशा भिंतीत घालतो, जी अजून आपली झालेली नाही. एकदा लादी सिमेंटवर बसली की ती त्या जमिनीची झाली. हा नियम फार जुना आहे. रोमन कायद्यातही जमिनीवर जे बांधले ते जमिनीच्या मालकाचे, असेच मानले जाई. पण त्याच रोमन कायद्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियन यांच्या आज्ञेने कायद्याचे एक पाठ्यपुस्तक तयार झाले. जमीन आपलीच आहे असे प्रामाणिकपणे समजून एखाद्याने परक्याच्या जमिनीवर घर बांधले, तर काय करावे, याचा विचार त्यात आहे. घर जमीनमालकाचेच होते. परंतु ते घर ताब्यात असलेल्या बांधणाऱ्याकडून मालक ते मागू लागला आणि साहित्याची किंमत व कारागिरांची मजुरी मात्र द्यायला तयार नसला, तर बांधणाऱ्याला त्याच्या मागणीला आडवे येण्याचा हक्क होता. आपले उदाहरण अगदी तसे नाही. आपल्या कुटुंबाला फ्लॅट आपला झालेला नाही हे ठाऊक होते. पण तत्त्व उपयोगी आहे. वस्तू कोणाची हा एक प्रश्न आणि तिचे मोल कोणाचे हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा प्रश्न सुटत नाही.

"लाद्या काढून देऊ का?" असे विचारणारा माणूस पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने दुसरा प्रश्न झाकून टाकतो. लाद्या कोणीच मागत नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मोलाचा.

"सही केली होती ना?"

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. व्यवहारात शब्दाला किंमत हवी. सही करताना वाचायला नको होते का? 'जादा कामाचे पैसे परत मिळणार नाहीत' असे कागदावर लिहिले होते आणि सही केली, तर आता तक्रार कसली?

ख्रिस्तसभा कराराला कमी लेखत नाही. पवित्र शास्त्रातही कागदपत्राचा मान राखलेला आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३२व्या अध्यायात अनाथोथ येथील शेताच्या खरेदीची हकिकत आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडला होता, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत होता. तरीही त्याने १७ शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखतावर सही केली आणि खताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. देश बुडत असतानाही व्यवहार चोख झाला. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवेचनात (परिच्छेद २४१०) दिलेला शब्द पाळावा आणि करार काटेकोरपणे पाळावा असे सांगतो. परंतु तिथेच एक अट आहे: करारातली बांधिलकी नैतिकदृष्ट्या न्याय्य असेल तेवढ्या मर्यादेत.

ही अट महत्त्वाची आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रकात कामगारांच्या वेतनासंबंधी हेच तत्त्व मांडले. मालक आणि कामगार यांनी राजीखुशीने वेतन ठरवले तरी त्या संमतीच्या आधी निसर्गनियमातला न्याय उभा असतो. भुकेपोटी माणूस कशालाही 'हो' म्हणेल. त्या 'हो'मुळे अन्यायाचा न्याय होत नाही. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच लिओ तेराव्यांची आठवण केली होती. वेतनाला लागू असलेले तत्त्व घराला का लागू नसावे? बिल्डरचा छापील कागद घेणाऱ्याला बदलता येत नाही. सही करा, नाहीतर साधी लादी घ्या. तिसरा मार्ग नसतो. अशी सही बंधनकारक असते, हे आम्ही मानतो. पण तिचा अर्थ न्यायाच्या मर्यादेतच लावायला हवा.

तोटा वेगळा, नफा वेगळा

मग न्याय काय सांगतो? या ठिकाणी संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदीविक्रीतल्या अन्यायावर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. वस्तूच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त घ्यावे का, असा तिथे प्रश्न आहे. त्यांचे उत्तर असे: वस्तू देताना विकणाऱ्याचे काही नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे; त्यात अन्याय नाही. पण विकणाऱ्याचे काहीच नुकसान नसताना केवळ घेणाऱ्याला तिची फार गरज आहे म्हणून किंमत वाढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याची नाही. जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही.

किती साधी गोष्ट आहे, पण किती खोल! स्वतःचा तोटा माणसाचा स्वतःचा असतो; तो त्याने मागावा. दुसऱ्याची अडचण ही त्याची मालमत्ता नाही. तिच्यातून त्याने काही मिळवू नये. आपल्या उदाहरणातले ३ लाख रुपये या कसोटीवर घासून पाहू या. त्यांतला कोणता भाग बिल्डरचा तोटा भरून काढतो आणि कोणता भाग केवळ एका कुटुंबाची नोकरी गेली म्हणून त्याच्या खिशात राहतो?

समजा, ३ लाखांपैकी साहित्य आणि मजुरी मिळून बिल्डरचे २ लाख ४० हजार खरोखर खर्च झाले. उरलेले ६० हजार त्याची देखरेख आणि मेहनताना. जांभळ्या टाइल्स नव्या घेणाऱ्यांना नको होत्या, त्या काढायला २५ हजार लागले. एकूण खर्च २ लाख ६५ हजार. आता जमेची बाजू. पहिल्या कुटुंबाचे ३ लाख आणि त्याच कामासाठी दुसऱ्या कुटुंबाने जास्त दिलेले, समजा, १ लाख ८० हजार. एकूण जमा ४ लाख ८० हजार. खर्च वजा जाता उरतात २ लाख १५ हजार. त्यातून मेहनतान्याचे पूर्ण ६० हजार बिल्डरला द्या. शिल्लक राहतात १ लाख ५५ हजार रुपये.

हे १ लाख ५५ हजार कोणाचे? बिल्डरचा माल त्यात नाही, मजुरी नाही, मेहनत नाही, नुकसानही नाही. ते सगळे आधीच वळते झाले. एकाच लादीचे दोनदा पैसे घेतल्याने ही रक्कम उरली. आमच्या मते ती पहिल्या कुटुंबाची आहे. ती परत केल्यावरही त्या कुटुंबाला १ लाख ४५ हजारांची झळ बसतेच, आणि तीही आपण मान्य करायला हवी. त्यांच्या हौसेची किंमत दुसऱ्याने का सोसावी? आणि बिल्डरचा एक पैसाही जात नाही. असा हिशेब शक्य असताना 'सगळे जप्त' म्हणणे म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. धर्मशिक्षणग्रंथ दुसऱ्याची वस्तू अन्यायाने राखून ठेवण्यालाही सातव्या आज्ञेचा भंग म्हणतो (परिच्छेद २४०९). चोरी फक्त हात घालून होत नाही. हात मिटून ठेवूनही होते.

हिशेब नेहमी असाच निघेल असे नाही. नवे गिऱ्हाईक वर्षभर आले नाही, आले तेही घासाघीस करून आले, तर कदाचित काहीच उरणार नाही. मग परत करण्यासारखेही काही नाही. आमचे म्हणणे ठरावीक रकमेबद्दल नाही. हिशेब मांडला जावा, आणि ज्याच्या पैशाचा तो आहे त्याला दाखवला जावा, एवढेच आहे.

बिल्डर म्हणेल, "आणि माझ्या हुकलेल्या नफ्याचे काय? हा व्यवहार झाला असता तर मी पुढचे काम सुरू केले असते." यावरही अक्वायनस यांनी विचार केला आहे. शेतात पेरलेले बी कोणी उपटून टाकले, तर त्याने पूर्ण पीक भरून द्यावे का? ते म्हणतात, पेरणाऱ्याजवळ पीक प्रत्यक्षात नव्हते, केवळ त्याची शक्यता होती. आणि शक्यतेच्या वाटेत अनेक अडथळे येऊ शकतात. म्हणून पूर्ण पिकाची नव्हे, तर माणसे आणि परिस्थिती पाहून काही भरपाई द्यावी. हुकलेल्या नफ्याला शून्य किंमत नाही, पण हाती आलेल्या नफ्याएवढीही नाही.

व्यवहार का मोडला?

एक गोष्ट अजून पाहायला हवी. मोडण्याचे कारण काय? बिल्डरने ताबा देण्याची मुदत ओलांडली किंवा परवानग्याच नव्हत्या म्हणून व्यवहार मोडला, तर जादा कामाचा पैसा पूर्ण परत व्हावा, व्याजासह व्हावा; इथे वादाला जागा नाही. आजार, नोकरी जाणे, कर्ज नाकारले जाणे अशी आपत्ती असेल, तर वर मांडलेला हिशेब योग्य. आणि शेजारच्या इमारतीत दोन लाखांनी स्वस्त फ्लॅट मिळाला म्हणून घेणाऱ्यानेच शब्द मोडला असेल, तर त्याने बिल्डरच्या त्रासाचीही भरपाई मोकळ्या मनाने द्यावी. दरवेळी गरीब बिचारा घेणाराच असतो असे नाही. आपल्या धर्मग्रामात लहान बांधकाम करणारेही आहेत. एक मजला विकला की पुढच्या मजल्याचे सिमेंट येते, अशी त्यांची ओढाताण असते. गिऱ्हाईक पळून गेल्यावर त्यांच्याही घरी झोप लागत नाही.

आणि या दोघांच्या भांडणात तिसऱ्या माणसाला विसरू नये. लादी बसवणारा, ग्रॅनाइट कापणारा, वायर ओढणारा. त्याने काम केले आहे. व्यवहार मोडला, पैसे अडकले, हिशेब व्हायचा आहे, ही कारणे त्याला सांगता येणार नाहीत. राबलेल्या मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत पोचते, असा इशारा याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. सगळ्यांत आधी त्याचे पैसे चुकते व्हावेत. मग मोठ्यांनी भांडावे.

कायदा कुठवर येतो?

कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. महाराष्ट्रात १९६३ पासून मालकी हक्काच्या फ्लॅटसंबंधी कायदा आहे. २०१६ चा स्थावर मालमत्ता कायदा, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असे त्याचे १३वे कलम सांगते. करारात नुकसानभरपाईची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळू शकते, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका फ्लॅटच्या प्रकरणात, करार एकतर्फी आहे असे म्हणून, बिल्डरला किमतीच्या २० टक्के रक्कम जप्त करू दिली नाही. १० टक्केच वाजवी मानली. 'सही केली, विषय संपला' असे आपला कायदाही म्हणत नाही.

तरीही जादा कामाचा पैसा बहुतेक वेळा या संरक्षणाच्या बाहेरच राहतो. तो मूळ करारात लिहिलेला नसतो. एखाद्या वेगळ्या कागदावर, कधी वहीच्या पानावर, कधी नुसत्या बोलण्यावर ठरतो, आणि पुष्कळदा रोखीने दिला जातो. इथे आम्हाला घेणाऱ्यांनाही स्पष्ट बोलावे लागेल. पावती नको, म्हणजे कर वाचेल, असे दोघांनी मिळून ठरवले असेल, तर तो दोघांचा दोष आहे. कर चुकवणे हेही सातव्या आज्ञेत येते. शिवाय ज्या पुराव्याने उद्या न्याय मिळाला असता तो पुरावा आपणच पुसून टाकलेला असतो. अंधारात दिलेला पैसा उजेडात मागणे कठीण जाते.

आणि म्हणूनच हा प्रश्न अखेर सद्सद्विवेकबुद्धीपाशी येऊन थांबतो. जिथे पावती नाही, साक्षीदार नाही, कलम नाही, तिथे ज्याच्या हातात पैसा आहे तो आणि देव, एवढे दोघेच असतात. प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दिलेला सुवर्णनियम अशाच ठिकाणी कसाला लागतो. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, हे सगळ्यांना पाठ आहे. आपली नोकरी गेली असती आणि आपले ३ लाख कोणाच्या भिंतीत अडकले असते, तर आपल्याला त्याच्याकडून काय हवे होते? दया? कदाचित. पण दयेच्याही आधी हवा होता तो प्रामाणिक हिशेब.

भरपाईशिवाय पश्चात्ताप?

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय आपल्याला आठवतो तो झाडावर चढलेला. पण त्याची खरी उंची तो झाडावरून खाली उतरल्यानंतर दिसते. प्रभू त्याच्या घरी आला, आणि जक्कयने त्याला घराची शोभा दाखवली नाही; उभे राहून हिशेब सांगितला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत. दानधर्म आणि परतफेड या दोन गोष्टी त्याने वेगवेगळ्या सांगितल्या, हे लक्षात घ्यावे. पुष्कळदा आपण दुसरीच्या ऐवजी पहिली करतो. कोणाचे तरी अडकवलेले पैसे तसेच ठेवायचे आणि सणाला चर्चच्या निधीत मोठी देणगी द्यायची, याने देव प्रसन्न होत नाही. जे दुसऱ्याचे आहे ते दान म्हणून देताच येत नाही. धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४१२) सांगतो की झालेल्या अन्यायाच्या भरपाईसाठी अन्यायाने घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करणे आवश्यक आहे. पापनिवेदनानंतरच्या प्रार्थनांनी ही जागा भरून निघत नाही.

आम्हाला घराच्या आशीर्वादासाठी बोलावले जाते तेव्हा तीर्थाचे शिंपण आम्ही प्रत्येक खोलीत करतो. ते पाणी लाद्यांवर पडते, ओट्यावर पडते. त्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाचा काही दोष नाही. त्यांनी रास्त किंमत दिली आहे. पण त्याच लाद्यांसाठी कोणा बाईने मोडलेल्या बांगड्यांचा हिशेब कुठेतरी बाकी असेल, तर तो ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्यावरून आशीर्वादाचे पाणी वाहून जाईल, मुरणार नाही.

आपण काय करावे?

घेणाऱ्यांनी काही गोष्टी जपाव्यात. प्रभूने लूकच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्याला आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला सांगितले आहे. कर्ज पक्के मंजूर होईपर्यंत जादा कामाची घाई करू नये. हौस चार महिने थांबू शकते. जे नंतर बसवता येईल ते नंतर बसवावे. भिंत फोडावी लागेल असेच काम आधी सांगावे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, आणि 'व्यवहार मोडला तर जादा कामाचा हिशेब कसा होईल' ही एक ओळ आग्रहाने लिहून घ्यावी. ती ओळ लिहायला जो बिल्डर तयार नसेल, त्याचे उत्तर तुम्हाला आधीच मिळाले.

विकणाऱ्यांनी, मग ते मोठे बिल्डर असोत, लहान ठेकेदार असोत किंवा आपला जुना फ्लॅट नात्यातल्या माणसाला विकणारे आपल्यापैकीच कोणी असोत, जादा कामाची वेगळी वही ठेवावी. व्यवहार मोडला तर लगेच 'नाही' म्हणू नये. "जागा पुन्हा विकली की बसून हिशेब करू," एवढे म्हणावे आणि म्हटल्याप्रमाणे बोलावून घ्यावे. आमच्या धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांनी आणि छोट्या ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी अशा वेळी दोघांना एका टेबलाशी बसवायला पुढे व्हावे. कोर्टात जाण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही, पण रविवारी एकाच वेदीपाशी येणाऱ्या दोघांना आधी एकमेकांची वही पाहता आली पाहिजे.

लेवीयच्या २५व्या अध्यायात शेजाऱ्याला काही विकताना किंवा त्याच्याकडून विकत घेताना एकमेकांना नाडू नये, अशी आज्ञा आहे. तिथे पुढे जमिनीची किंमत कशी मोजावी हेही सांगितले आहे: पुढच्या योबेल वर्षापर्यंत किती पिके निघतील ते मोजून, वर्षे कमी तर किंमत कमी. देवाच्या वचनात असा रोकडा हिशेब असावा याचे आपल्याला नवल वाटते. पण खरे तर नवल वाटू नये. बेरीज-वजाबाकी नीट करणे हाही शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा एक मार्ग आहे.

ज्यांची घरे उभी राहिली त्यांच्या घरांत प्रभूची शांती नांदो. ज्यांची घरे मध्येच हातून गेली त्यांना धीर मिळो, आणि त्यांचे जे कोणाकडे राहिले असेल ते त्यांच्यापर्यंत लवकर पोचो.